ऐनाच्या खोडावरचा गेरू

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा त्या गावाच्या डोंगराला कुणी नावसुद्धा दिलं नव्हतं. डोंगर एकच होता, मग नाव हवंय कशाला?

त्या डोंगराच्या उतारावर एक राई होती, सगळी ऐनाच्या झाडांची. ऐन तुम्ही पाहिला असेल तर मला सांगायला नको. उंच, सरळसोट, आणि साल अशी भेगाळलेली की मगरीची पाठच. राईच्या मधोमध शेंदूर फासलेला एक दगड होता, तो राईचा देव. आणि राईच्या पायथ्याशी एक झरा होता, बारमाही. गावात विहीर नव्हती. दोनदा खणून पाहिली, दोन्ही वेळा खडक लागला. त्यामुळे माणसं, गुरं, परसातली वांगी-मिरच्या, सगळी त्या एका झऱ्यावर जगत. राई आहे म्हणून झरा आहे, हे गावातलं शेंबडं पोरही सांगायचं.

राईची रीत अशी होती की घरटी एक ऐन. हा पाटलांचा, हा गुरवाचा, हा तेल्याचा. दर पाडव्याला घरचा माणूस राईत जायचा आणि आपल्या ऐनाच्या खोडाला गुडघ्याच्या उंचीवर चार बोटं रुंद गेरूचा पट्टा ओढायचा. आणखी एक हक्क होता. घराचं आढं मोडकळीला आलं, म्हणजे छपराचा सगळा भार पेलणारं ते वरचं आडवं लाकूड, तर पंचांना विचारून आपला ऐन तोडता यायचा. पण तो एकदाच, आणि त्या जागी नवं रोप लावून.

आता एक नियम सांगतो, कारण सगळं घोडं तिथंच पेंड खात होतं. कोणे एके काळी गावात काही महाबिलंदर लोक निघाले. ते दुसऱ्याच्या ऐनाची साल गुपचूप सोलायचे, झाड वाळलं की तोंड एवढंसं करून चावडीवर यायचे आणि म्हणायचे, "अरेरे, अमक्याचं झाड गेलं हो, आता लाकूड तरी वाटून घेऊ." हे दोन-चारदा झाल्यावर पंचांनी ठरवलं की राईतलं झाड बिघडल्याची बातमी जो पहिल्यांदा आणेल, दोषी तोच. शिक्षा म्हणून त्यानं राईत एकवीस रोपं लावायची आणि तीन वर्षं झऱ्याचं पाणी खांद्यावर वाहून ती जगवायची.

त्या दिवसापासून चोऱ्या थांबल्या आणि बातम्याही थांबल्या. गावानं त्यातली पहिली गोष्ट तेवढी लक्षात ठेवली. नियमाचं एक असतं बघा, तो कशासाठी केला हे माणसं विसरली, की तो भलत्याच्याच मानेवर बसतो.

तर या गावात म्हाळू नावाचा एक सुतार होता. कामात चोख, बोलण्यात तिरसट. वाकडं लाकूड आणि वाकडं बोलणं दोन्ही त्याला सहन होत नसे, आणि लाकूड तासायचा आपला वाकस तो दोन्हीवर सारखाच चालवायचा. गावाची दारं, पाळणे, नांगर त्यानं केले होते. स्वतःच्या घराचं आढं मात्र मधोमध चिरलं होतं आणि दोन टेकूंवर कसंबसं उभं होतं. त्यातला एक टेकू नेमका चुलीच्या वाटेत होता. त्याची बायको ठकूबाई दिवसातून दोनदा त्याच्यावर कपाळ आपटून घ्यायची, आणि दर वेळी नवऱ्याला ऐकू जाईल अशा बेतानं सुताराच्या घरी पडल्याबद्दल दैवाला बोल लावायची. मागचा पावसाळा दोघांनी छपराकडे बघत काढला होता. आणखी एक पावसाळा ते आढं काढणार नाही, हे म्हाळूइतकं कुणाला कळणार?

म्हणून यंदा त्यानं पंचांना विचारलं आणि पंचांनी होकार दिला. पाडवा झाला की म्हाळूनं आपला ऐन तोडावा. राईतलं ते सगळ्यांत देखणं झाड. म्हाळूच्या आज्यानं लावलेलं, वीस हात सरळ, एक गाठ नाही. म्हाळू त्याच्याकडे बघायचा तेव्हा त्याला झाड दिसतच नसे, छपरावर चढलेलं आढंच दिसायचं.

पाडव्याला सगळं गाव गेरू लावून गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हाळू मापाची दोरी घेऊन राईत गेला. दोरी खोडाला गुंडाळायला वाकला, आणि वाकलेलाच राहिला.

बुंध्याशी भुसा पडला होता. बारीक, पिवळट, ताजा. करवतीखाली पडतो तसाच, पण करवत तर अजून घरीच होती.

म्हाळूनं भुसा चिमटीत धरून चोळला. मग सालीच्या भेगांमधून बोट फिरवत फिरवत तो वर गेला. कमरेच्या उंचीवर एक भोक लागलं, करंगळी जाईल एवढं. त्याच्यावर दुसरं, पलीकडे तिसरं. त्यानं खोडाला कान लावला. राईत चिटपाखरू नव्हतं, आणि त्या शांततेत आतून आवाज येत होता, करर, करर, करर. कुणीतरी आत बसून सुतारकाम करत होतं.

भिरूड. लाकूड पोखरणारी बोटाएवढी पांढरी अळी. म्हाळूनं ती जुन्या लाकडात शंभरदा पाहिली होती. वर्षभर ती झाडाला आतून खाते आणि पहिल्या पावसाच्या सुमाराला लांब मिशांचा भुंगा होऊन बाहेर पडते. मग तो भुंगा शेजारच्या झाडाच्या भेगांत अंडी घालतो, आणि पुढल्या वर्षी एकाची दहा झाडं होतात. म्हाळू मटकन खाली बसला. आज्याचं झाड हातचं गेलं होतं, आणि त्याला रडू येत होतं. ते त्यानं लपवलंही नाही, कारण बघायला होतंच कोण?

जरा वेळानं डोकं चालायला लागलं, आणि काय सांगू, ते वाकड्या वाटेनंच चाललं. भोकं बाहेरच्या बाजूला आहेत, त्यानं हिशेब मांडला. ऐनाचा गाभा लोखंडासारखा असतो, तिथवर भिरूड पोचलेली नसणार. झाड तोडायची परवानगी आहेच. तोडावं, गाभ्याचं आढं काढावं, वरच्या फळ्या आणि साल परसात टाकावी. बोलायचं कशाला? बोललो तर एकवीस रोपं मानेवर, आणि शिवाय सगळे म्हणणार, सुताराला लाकूड कमी पडलं वाटतं. परसातल्या सालीतून पावसाळ्यात भुंगे उडतील ते उडतील. भुंगे काय, कुणाच्याही परसातून उडतात.

हा विचार मनात पक्का करून तो उठला. उठताना आधारासाठी शेजारच्या झाडाला हात लावला, तो हाताला गेरू लागला. गेरू लागला याचं नवल नव्हतं. नवल हे की त्याचा हात खांद्याच्या उंचीवर होता. चार बोटांचा पट्टा तिथवर कसा आला?

म्हाळूनं मान वर करून राईकडे नीट पाहिलं. यंदा गेरूचे पट्टे रुंद झाले होते. कुणाचा वीतभर, कुणाचा हातभर, तर कुणाचा गुडघ्यापासून छातीपर्यंत. त्याच्या मनात पाल चुकचुकली. त्यानं पटाशी काढून जवळच्या झाडावरचा गेरू खरवडला. गेरूखाली शेणाचा बोळा होता, आणि बोळ्याखाली भोक.

दुसरं झाड खरवडलं, तिथंही शेण. तिसरं, चौथं, तेच. पाचव्या झाडापाशी त्यानं हात आवरला. त्याला सगळं उमगलं. ज्याला त्याला आपल्या झाडाचं दुखणं ठाऊक होतं. ज्यानं त्यानं शेण थापून वर गेरू ओढला होता आणि जो तो मूग गिळून घरी गेला होता. प्रत्येकाला वाटत होतं, आपलं एकट्याचंच झाड किडलंय. चोर घरात असताना बाहेरून दार लिंपून घ्यावं, तसं सगळ्या गावानं केलं होतं. आणि त्या गावात अर्ध्या घटकेपूर्वी म्हाळू सुतारही सामील झाला होता. त्याला स्वतःचीच इतकी लाज वाटली, की कानाच्या पाळ्या तापल्या.

घरी येऊन त्यानं ठकूबाईला सगळं सांगितलं, मनात काय आलं होतं तेसुद्धा. ठकूबाई चुलीपाशी बसून ऐकत होती. ती म्हणाली की गाव गप्प आहे तर आपणही गप्प राहावं, आढं घ्यावं, आणि निदान यंदा तरी तिच्या कपाळाला सुट्टी द्यावी. मग तिनं विचारलं, भुंगे सुटले तर किती वर्षांत राई जाईल? म्हाळू म्हणाला, चार. फार तर पाच.

"आणि झरा?"

"राईमागोमाग."

ठकूबाईनं पाण्याच्या हंड्याकडे पाहिलं. मग ती एवढंच म्हणाली की चावडीवर जायचं असेल तर जेवून जा, उपाशी माणूस जास्त तिरसट बोलतो.

म्हाळू जेवून गेला, पण त्याचा फारसा उपयोग झाला नाही. चावडीवर पाटील, पंच आणि दहा-वीस माणसं होती. म्हाळू उभा राहिला आणि सरळ म्हणाला, "माझ्या ऐनाला भिरूड लागलीय. ही बातमी मी आणलीय. शिक्षा मला मान्य आहे, आजपासून पाणी वाहतो. पण राईतली सगळी झाडं तपासा, आणि पावसाआधी तपासा."

प्रत्येक जण आपापल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होता, जणू अंगठा आजच उगवलाय. पाटील भला माणूस होता, पण त्याचा स्वतःचा पट्टा राईत सगळ्यांत रुंद होता, आणि त्यानं शेण कुणाकडूनही न थापवता स्वतःच्या हातानं थापलं होतं. पाटलाच्या झाडाला कीड लागली म्हटलं तर गावात काय मान राहील? त्यानं घसा खाकरला आणि म्हाळूला समजावलं की म्हातारी झाडं थोडी कुरकुरतातच. मग कुणीतरी मागून म्हणालं की झाडं तोडली तर लाकूड कुणाकडे जाणार, हे शेंबड्या पोरालाही कळतं. लोक हसले. त्यांना हसायला काहीतरी हवंच होतं.

"एक ढलपी मला नको," म्हाळू म्हणाला.

पण त्याच्यावर विश्वास कोण ठेवणार? पंचांनी नियमाप्रमाणे एकवीस रोपांची शिक्षा तेवढी दिली आणि बैठक उठली. दुसऱ्या दिवशी झऱ्यावर बायकांनी ठकूबाईला पाणी भरू दिलं, पण तिच्याशी कुणी ब्र काढला नाही. बायजा धनगरीण रोज हंडा उचलून द्यायची, तीही दुसरीकडे बघत राहिली. ठकूबाईनं हंडा एकटीनं उचलला. घरी येऊन तिनं तो दाणकन खाली ठेवला आणि नवऱ्याला म्हणाली, "करवत काढा. दुसरं टोक मी धरते."

पुढचे चार दिवस राईतून करवतीचा आवाज येत होता. एका बाजूला म्हाळू, दुसऱ्या बाजूला ठकूबाई. लोक येता-जाता बघायचे, ठकूबाई कुणाकडे बघायची नाही. पाचव्या दिवशी ऐन कोसळला. म्हाळूनं त्याचे ओंडके केले, फांद्यासुद्धा सोडल्या नाहीत, आणि शेजाऱ्याची बैलजोडी मागून सगळं ओढत गावात आणलं. घराकडे मात्र नेलं नाही. चावडीसमोरच्या मोकळ्या खळ्यात नेऊन टाकलं. सुतार लाकूड घराच्या उलट्या दिशेला का नेतोय, हे बघायला भर दुपारी सगळं गाव जमलं.

म्हाळूनं कुऱ्हाड घेतली आणि पहिला ओंडका उभा फोडला. आत बोटं जातील असे बोगदे होते, आणि बोगद्यांत लठ्ठ पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. दुसरा फोडला, त्यातही तेच. बायका मागं सरकल्या, पोरं पुढं सरकली. म्हाळूनं एकेक ओंडका फोडला आणि रास केली. शेवटी उरला बुंध्याचा मोठा सोट. त्याच्या चारी बाजू त्यानं वाकसानं उतरवल्या, आणि आतून गाभा निघाला. काळसर, निकोप, सरळ, आढ्याला हवा तेवढा लांब. म्हाळूचा हिशेब खरा ठरला होता. भिरूड तिथवर पोचलीच नव्हती.

सगळ्यांची नजर त्या गाभ्यावर होती. त्या दिवशी चावडीवर सुताराला लाकूड हवंय म्हणणारा मनाशी म्हणाला असेल, बघा, शेवटी काढलंच की नाही आढं. म्हाळूनं गाभ्यावरून तळहात फिरवला. गाभ्यात कीड नाही हे तो जाणत होता. पण हेही जाणत होता की हे एक लाकूड घरी गेलं, तर त्याचा शब्द कायमचा खोटा पडेल, आणि मग ती राई कुणाच्या बापाला वाचवता येणार नाही.

त्यानं ठकूबाईकडे पाहिलं. तिनं कपाळावरचं ताजं टेंगूळ एकदा चाचपलं, मग वाकून गाभ्याचं एक टोक उचललं. दोघांनी मिळून तो राशीवर ठेवला. ठकूबाईनं घरच्या चुलीतला निखारा खापरातून आणला होता, तो तिनं आपल्या हातानं राशीखाली सरकवला.

ऐन पेटायला वेळ लागला, पण पेटला तो मग विझेना. अळ्या तडतडत होत्या. म्हाळू आगीकडे बघत उभा होता, आणि त्याचे डोळे वाहत होते. धुरानं नाही. सुतारानं आपल्या घराचं आढं जाळलं, हे गावानं डोळ्यांनी पाहिलं, आणि त्या दिवशीचं हसू कुणाच्या ओठांवर उरलं नाही.

तेवढ्यात गर्दीतून गुरव पुढे आला. रोज पहाटे देवापुढची आणि राईतली पायवाट झाडणारा हा माणूस, गरीब, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तो पाटलासमोर जाऊन उभा राहिला. हातात त्याचा खराटा होता.

"पाटील, मी गेलं वर्षभर भुसा झाडतोय," तो म्हणाला. "आधी दोन झाडांखाली होता. मग सात. आता मोजणं सोडलंय. शिक्षेला भ्यालो. दोन झाडं होती तेव्हा बोललो असतो, तर आज म्हाळूचा ऐन उभा असता."

एवढं बोलून गुरव ओक्साबोक्शी रडायला लागला. कुणी त्याला गप्प केलं नाही. मग तेली म्हणाला की त्याच्याही झाडाला भोकं आहेत. बायजा धनगरीण म्हणाली की तिच्या झाडाला चौदा आहेत, तिनं मोजलीत, आणि ठकूबाईकडे बघून तिनं मान खाली घातली. मग एक, मग आणखी एक. मागल्या पाडव्यापासून साठलेलं सगळं बाहेर पडायला लागलं. लोक एकमेकांकडे बघून चकित होत होते, की अरे, तुझंसुद्धा?

पाटील सगळ्यांत शेवटी बोलला, आणि फार बोललाच नाही. त्यानं झऱ्यावरून पाणी भरायला सांगितलं आणि तो राईच्या वाटेला लागला. त्याच्यामागं सगळं गाव घागरी, कळश्या घेऊन चढलं. पाटलानं आपल्या ऐनापाशी धोतर खोचलं, गेरूवर पाणी ओतलं आणि तळहातानं तो पट्टा धुवायला लागला. लाल पाणी त्याच्या कोपरापर्यंत ओघळत होतं. गेरू गेला, शेण निघालं, आणि पाटलाच्या झाडाची चाळणी सगळ्यांनी पाहिली. त्या दुपारी राईतला एकूण एक पट्टा धुतला गेला. त्रेसष्ट झाडं किडलेली निघाली.

पावसाला दीड महिना उरला होता. आता हे लोक कामाला भिडले तसे कधी लग्नाकार्यालाही भिडले नसतील. म्हाळू झाडामागून झाड तपासत फिरायचा. जे आतून पोकळ झालं होतं ते तोडून राईबाहेर जाळायचं, लाकडाला कुणी हात लावायचा नाही. जे वाचण्यासारखं होतं, त्याच्या भोकात लोहारानं केलेला तारेचा आकडा घालून अळी ओढून काढायची, आणि मग भोक ओल्या मातीनं बुजवायचं. बायजाचा हात त्यात असा बसला की दिवसाला साठ अळ्या काढायची आणि कुणी पंचावन्न काढल्या तर त्याला चिडवायची. तोडलेल्या झाडांत पाटलाचा ऐन होता, गुरवाचा होता. शेवटची आग विझली आणि तिसऱ्या दिवशी पाऊस आला. भुंगे उडाले नाहीत असं नाही. पण हजारांऐवजी मूठभर उडाले, आणि त्यांना हुडकायला आता गावाचे डोळे उघडे होते.

त्रेसष्टांपैकी एकोणचाळीस झाडं गेली. पुढली दोन वर्षं झरा उन्हाळ्यात करंगळीएवढा व्हायचा, आणि बायका धास्तावून त्याच्याकडे बघत बसायच्या. पण तो आटला नाही.

पंचांनी जुना नियम मोडला आणि म्हाळूची शिक्षा माफ केली. म्हाळू तिरसटच तो. म्हणाला की एकोणचाळीस झाडं तोडायला मीच सांगितलं, तेव्हा एकवीस रोपं तर मी लावीनच. तीन वर्षं त्यानं कावडीनं पाणी वाहिलं. नवा नियम मात्र त्यानंच सुचवला. ज्याला भुसा दिसेल त्यानं त्या झाडाला पांढरी चिंधी बांधायची आणि त्याच दिवशी चावडीवर सांगायचं. ऐकणाऱ्यानं आधी झाड बघायचं, सांगणाऱ्याचं तोंड नंतर. आणि पाडव्याला आपल्या झाडाला गेरू लावण्याआधी ते शेजाऱ्याकडून तपासून घ्यायचं. गेरू पुन्हा चार बोटांचा झाला.

राहिलं म्हाळूचं आढं. अखंड लाकूड काही मिळालं नाही. त्यानं परसातल्या फणसाचे दोन आखूड तुकडे घेतले आणि मधोमध सांधा घालून जोडले. सांधा असा बसवला, की परगावचे सुतार तो बघायला यायचे आणि मान वर करून करून त्यांच्या माना अवघडायच्या. चुलीच्या वाटेतला टेकू निघाला. ठकूबाईला पुढं वर्षभर तिथं आलं की मान चुकवायची सवय राहिली.

अशीच दहा-बारा वर्षं गेली. आज्याच्या ऐनाच्या जागी म्हाळूनं लावलेलं झाड आता छपराच्या वर गेलं होतं, आणि म्हाळू म्हातारा झाला होता. पाडव्याच्या सकाळी तो गेरूचं मडकं घेऊन राईत आला. त्याचं झाड तपासायची पाळी बायजाची होती. तिनं खोडाभोवती एक फेरी मारली, खाली वाकली, बोट फिरवलं, आणि सगळ्या गावासमोर मोठ्यानं म्हणाली, "म्हाळूदादा, तुमच्या झाडाला भोक आहे. ताजा भुसा पडलाय."

सगळे म्हाळूकडे बघायला लागले. ज्या माणसानं राई वाचवली, त्याचंच झाड, आणि तेही असं पाडव्याला, चारचौघांत. बायजाचा आवाज जराही कापला नव्हता. म्हाळूनं मडकं खाली ठेवलं. त्याला तो पहिला दिवस आठवला, हाताला लागलेला गेरू, ती खरवडलेली झाडं, आणि सगळ्या गावाचं ते गप्प बसणं. तो हसायला लागला. इतका हसला की डोळ्यांत पाणी आलं.

"बरं झालं सांगितलंस, बाई," तो म्हणाला. "आण तो आकडा."

अळी निघाली. एकच होती, तांदळाएवढी. बायजानं ती दगडावर चिरडली, म्हाळूनं भोक मातीनं बुजवलं, आणि मग चार बोटांचा पट्टा ओढला.

तात्पर्य काय, ते लहानांनी ऐकावं आणि थोरांनी दोनदा ऐकावं: ज्या गावात दुखणं सांगणाराच गुन्हेगार ठरतो, तिथं दुखणं रंगाखाली वाढत राहतं, आणि जो आपल्या झाडापासून सुरुवात करून ते वेळेवर उघड सांगतो, तो सगळ्यांचं पाणी राखतो.